उपस्थात्याचा शोक : चिकित्साचतुष्पादातील तिसऱ्या पादाविषयी

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत मुखोद्गत केले आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात प्रत्येक पादाचे चार, असे एकूण सोळा गुण सांगितले. त्यांपैकी भिषकाच्या गुणांवर आपल्या परिषदांमधून पुष्कळ ऊहापोह होतो. द्रव्यगुणावर तर स्वतंत्र शास्त्रच उभे आहे. रोग्याच्या सत्त्वपरीक्षणावरही अभ्यासपूर्ण निबंध वाचावयास मिळतात. तिसऱ्या पादाविषयी मात्र परीक्षेतील चार गुणांच्या टीपेपलीकडे आपण फारसे गेलेलो नाही. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या पादासंबंधी, आणि त्यातही मरणोन्मुख रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसंबंधी आहे. या भगिनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण म्हणून येतात आणि त्यांची व्याधी आपल्याला ओळखता येत नाही. निदान मला ती वर्षभर ओळखता आली नाही. तो वृत्तांत पुढे येईलच.

उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे चार गुण. यांतील ज्ञान, दक्षता व शौच ही परिचर्या महाविद्यालयात शिकविता येतात व त्यांची परीक्षाही घेता येते. अनुरागाची परीक्षा कोणी घेत नाही. तरीही शास्त्राने तो ऐच्छिक ठेवलेला नाही. ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी ओढ असणे ही त्या पादाची अर्हताच ठरविली आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारक स्निग्ध, किळस न करणारा, बलवान, रुग्णरक्षणात दक्ष, वैद्याच्या आज्ञेत वागणारा आणि अश्रांत असावा असे म्हटले आहे. अनुराग आणि अश्रांतता हे दोन शब्द एकत्र ठेवून वाचले की आजच्या कक्षातील परिचारिकेपुढची अडचण स्पष्ट होते. ज्याच्याविषयी अनुराग आहे तो गेला, तर शोक होणारच. तो शोक घेऊन जी पुढच्या खाटेकडे वळते, ती अश्रांत राहणार कशी?

येथे वैद्य व उपस्थाता यांच्या स्थितीतील एक भेद लक्षात घ्यावा. असाध्य व्याधीची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असा इशारा चरकांनी दहाव्या अध्यायात दिलेला आहे. वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगतानाही मैत्री, कारुण्य व साध्य रुग्णाविषयी प्रीती यांच्याबरोबर प्रकृतिस्थांच्या ठायी उपेक्षा सांगितली आहे. आणि टीकाकार चक्रपाणिदत्तांनी तेथे प्रकृती म्हणजे मरण असा अर्थ घेतला आहे. ही उपेक्षा म्हणजे निष्ठुरता नव्हे, ताटस्थ्य होय, हे खरे. तरीही वैद्याला मागे सरण्यासाठी शास्त्राने एक दार ठेवले आहे. उपस्थात्यासाठी तसे दार कोठेही आढळत नाही. वैद्याने ‘आता करण्यासारखे काही नाही’ असे नातलगांना सांगून झाल्यावर करण्यासारखे जे उरते, ते सर्व तिचेच असते: कूस बदलणे, मुखशोधन, व्रणाचे पट्टबंधन, ओठ ओले करणे, मध्यरात्री ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ या प्रश्नाला सामोरे जाणे.

त्या प्रश्नाचे उत्तर तिला बहुधा ठाऊक असते. अरिष्टलक्षणे सर्वप्रथम दिसतात ती चोवीस तास जवळ असणाऱ्याला. वर्णातील बदल, श्वासाची बदललेली लय, अंथरुणावर चाचपणारी बोटे हे ज्येष्ठ परिचारिकेला वैद्याच्या आधी कळते. अरिष्ट दिसले तरी न विचारता ते बोलू नये, आणि विचारले तरी ज्याने रुग्णाला वा इतराला आघात होईल तेथे बोलू नये, असा इंद्रियस्थानाच्या शेवटच्या अध्यायातील दंडक आहे. तो योग्यच आहे. परंतु जाणलेले मरण चार-चार दिवस मनात ठेवून त्याच रुग्णाला हसतमुखाने पेज भरविणे हा केवढा भार आहे, याचा विचार आपण केलेला नाही.

आता उपरोक्त वृत्तांत. काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरातील एका रुग्णालयाच्या कर्करोग कक्षात काम करणारी चाळिशीतील एक परिचारिका माझ्याकडे येऊ लागली. रुग्णालयाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. वेदनाविशेष: वारंवार पीनस, शिरःशूल, मानेचा स्तंभ, अरुची, मधूनमधून भ्रम व छातीत जडपणा. हृद्रोगतज्ज्ञांकडून तपासणी झालेली, हृदय निर्दोष. रक्तातील घटक प्राकृत. मी निदानपंचक मांडले, प्रतिश्यायाची चिकित्सा केली, नस्य दिले, सितोपलादी दिले, मानेसाठी स्नेहन-स्वेदन केले. चार दिवस बरे, पुन्हा तेच. असे वर्ष गेले. तिने कधी तक्रार केली नाही. मुकाट्याने औषध घेऊन जात असे. मला मात्र माझ्या औषधाविषयीच शंका येऊ लागली होती.

एके सायंकाळी रुग्णांची गर्दी नव्हती. केवळ बोलावयाचे म्हणून मी विचारले, “सिस्टर, सध्या कक्षात कोण आहे?” ती म्हणाली, “कालपर्यंत एक मुलगा होता, सर. एकोणीस वर्षांचा. जालन्याकडचा.” एवढे बोलून ती थांबली आणि मग रडू लागली. पाऊण तास ती बोलत होती. त्या मुलाविषयी थोडे, आणि त्याच्या आधी गेलेल्या कितीतरी जणांविषयी. खाटांचे क्रमांक तिला पाठ होते. शेवटी डोळे पुसून म्हणाली, “कक्षात रडलेले चालत नाही. नातेवाईक घाबरतात. घरी रडले तर मुले घाबरतात.”

ती गेल्यावर मी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचा चौथा अध्याय काढला. अश्रुवेगाच्या धारणाने होणारे विकार: पीनस, नेत्र, शिर व हृदय येथील वेदना, मन्यास्तंभ, अरुची, भ्रम, गुल्म. गुल्म तेवढा सोडला तर तिचा केसपेपरच वाग्भटांनी लिहून ठेवला होता. हे सर्व मी परीक्षेत लिहून गुण मिळविलेले होते. समोर बसलेल्या रुग्णात मात्र मला ते दिसले नाही, कारण वेगावरोधाची पृच्छा मी मल-मूत्र-निद्रेपाशीच थांबवीत आलो होतो.

धारणीय आणि अधारणीय

चरकसूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात एक सूक्ष्म विवेक आहे, त्याकडे वैद्यबंधूंचे लक्ष वेधावयाचे आहे. तेरा अधारणीय वेगांत बाष्प म्हणजे अश्रू यांची गणना आहे. त्याच अध्यायात पुढे लोभ, भय, क्रोध, अतिराग इत्यादींसह शोक हा धारणीय मानस वेग सांगितला आहे. म्हणजे शोक आवरावा, पण अश्रू अडवू नयेत. वरवर पाहता हा विरोध वाटतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचा आशय असा की, शोकाच्या आवेगात कर्तव्य सोडणे, अन्न टाकणे, स्वतःला दोष देत बसणे हे आवरावयाचे. पण शोकाला शरीराने जी वाट करून दिली आहे ती बंद करावयाची नाही. रुग्णालयीन शिस्तीत नेमके उलट घडते. अश्रू तत्काळ अडविले जातात, आणि आत शोकाचे काय होते हे कोणी पाहत नाही. तसेच नवव्या अध्यायातील अनुराग आणि सातव्या अध्यायातील अतिराग हेही एक नव्हेत. ‘रुग्णात जीव गुंतवू नका’ असा सल्ला नवीन परिचारिकांना सर्रास दिला जातो; तो अतिरागापुरता ठीक आहे. अनुरागच काढून टाकला तर चतुष्पादाचा एक पाद मोडतो.

बाष्पवेगाबरोबर इतर वेगांचाही विचार करावा लागेल. बारा तासांच्या रात्रपाळीत एकेका परिचारिकेकडे किती खाटा असतात हे आपण जाणतोच. त्या पाळीत क्षुधा, तृषा, मूत्र, निद्रा, श्रमश्वास यांपैकी कोणता वेग वेळेवर सोडता येतो? कोविडच्या साथीत, 2020 व 2021 या वर्षांत, संरक्षक पोशाख चढविला की तासन् तास पाणी पिता येत नव्हते, मूत्रविसर्जनास जाता येत नव्हते, आणि चष्म्याआड आलेले अश्रू हाताने पुसताही येत नव्हते. तेरा वेगांपैकी निम्म्याहून अधिक वेगांचे एकाच वेळी धारण करावयास लावणारी अशी परिस्थिती कोणत्याही संहिताकाराने कल्पिली नसेल. नातलगांना आत प्रवेश नसल्याने मरणाऱ्याचा हात धरणारी व्यक्तीही बहुधा तीच होती. साथ ओसरली, टाळ्या व थाळ्या थांबल्या. त्या काळातील पीनस, अनिद्रा व हृद्द्रव घेऊन अनेक जणी अद्याप येत आहेत.

दुखवटा कोणाचा?

आपल्या समाजात शोकाला व्यवस्था आहे. घरात मृत्यू झाला की सूतक येते, चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात, दहाव्या-तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा राहते. धर्मशास्त्रीय अर्थ काही असो, वैद्यकीय दृष्टीने ती शोकाची दिनचर्याच आहे: आयासातून सुटका, इतरांच्या हातचे अन्न आणि गेलेल्या माणसाविषयी पुन:पुन्हा बोलणे. ज्या परिचारिकेने दोन महिने त्या माणसाला न्हाऊ-माखू घातले, शेवटी डोळे मिटवले, नळ्या काढल्या, अंग पुसून चादर बांधली, तिला यातील काहीही लाभत नाही. नोंदवहीत वेळ लिहावयाची, खाट स्वच्छ करून घ्यावयाची. तासाभरात त्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो. घरी जाऊन स्नान केले की तिचे सूतक संपले, आणि लगेच डबे करावयाचे. समाजाने मान्यता न दिलेल्या अशा शोकासाठी केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये स्वतंत्र संज्ञा मांडली. मराठीत आपण त्यास ‘अनधिकृत शोक’ म्हणू शकू.

परिचारिकांच्या शोकाला समाजाने उघडपणे मान्यता दिल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयात हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतन अवस्थेत गेल्या. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनी त्यांची सेवा केली. पिढ्या बदलल्या, हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशा मुलींनी त्यांना भरविले. इतक्या वर्षांत शय्याव्रण होऊ न दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निर्णयात या सेवेची विशेष प्रशंसा केली. दयामरणाची याचिका त्या दिवशी फेटाळली गेली तेव्हा परिचारिकांनी मिठाई वाटली होती. त्यांच्या भूमिकेविषयी मतभेद असू शकतात. त्याच निर्णयाने ठराविक मर्यादांत निष्क्रिय दयामरणाचा मार्गही मोकळा केला, आणि 2018 मध्ये घटनापीठाने तो अधिक स्पष्ट केला. परंतु येथे प्रश्न वेगळा आहे. 2015 मध्ये त्या परिचारिका रडल्या तेव्हा त्यांना कोणी ‘व्यावसायिक’ वागण्याचा उपदेश केला नाही. त्याच अरुणाचे आप्त होत्या, हे सर्वांनी मानले. चाळीस वर्षे लोटल्यावर जे नाते मान्य झाले, ते चाळीस दिवसांच्या रुग्णाबाबत का मान्य होऊ नये?

आपल्या शहराच्या संदर्भात हा प्रश्न दूरचा नाही. मराठवाड्यातील व लगतच्या जिल्ह्यांतील गंभीर रुग्ण शेवटी घाटीत येतो. 2012 पासून येथे शासकीय कर्करोग रुग्णालयही कार्यरत आहे. दूरच्या गावांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग आठवडेच्या आठवडे राहतात. कांदा-भाकरीचा डबा सिस्टरपुढे धरतात, मुलीच्या लग्नाची काळजी तिलाच सांगतात. मोठ्या शहरातील कक्षापेक्षा येथे ओळख लवकर घट्ट होते, हा माझा अनुभव आहे. मरणोन्मुखांसाठी स्वतंत्र शुश्रूषागृहे मात्र महाराष्ट्रात मोजकीच आहेत. मुंबईत 1986 मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातील त्या प्रकारचे पहिले. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हे आधुनिक शुश्रूषागृह उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स या मुळात परिचारिका होत्या व नंतर वैद्यकाकडे वळल्या, हेही या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दाह की शोष?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या व्याधिवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आहे, मात्र व्याधी म्हणून नव्हे, तर व्यवसायजन्य अवस्था म्हणून. शक्ती सरणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे ही तिची तीन अंगे. शब्दात जळण्याची प्रतिमा असल्याने काही वैद्यमित्र लगेच पित्तशामक योजना करतात. मला ते पटत नाही. चरकांच्या अग्र्यसंग्रहात शोषण करणाऱ्या भावांमध्ये शोक अग्रणी सांगितला आहे आणि अपथ्यांमध्ये आयास. रात्रिजागरण रूक्ष. अतिचिंतनाने रसवह स्रोतस दुष्ट होते. या चारही गोष्टी एकत्र आल्यावर जे घडते तो दाह नसून शोष होय: वात वाढतो, रस आटतो, आणि स्निग्ध परिचारिका रूक्ष होत जाते. कक्षात तुटकपणे बोलणारी, नातलगांवर खेकसणारी सिस्टर आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला आपण उद्धट म्हणतो. पुष्कळदा ती आटलेली असते.

यावरून चिकित्सेची दिशा ठरते. बाष्पनिग्रहावर संहितांनी तीनच उपाय दिले आहेत: निद्रा, मद्य आणि प्रिय कथा. मद्याचे समर्थन मी करणार नाही. आणि ज्या घरात पती आधीच तो उपाय नित्य करीत असतो, तेथे त्याचा उल्लेखही नको. उरलेले दोन मात्र आपण समजतो त्यापेक्षा प्रभावी आहेत.

रात्रपाळी करणाऱ्या बहुतेक जणी सकाळी घरी येऊन स्वयंपाक, जेवण उरकून दुपारी झोपतात, आणि अंगाला जडत्व येते. वाग्भटांचा निर्देश स्पष्ट आहे: जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे. आठ तासांचे जागरण असेल तर चार तास. भूक फारच असेल तर थोडे कोमट दूध चालावे, असे मी सांगतो. हे माझे सांगणे, संहितेचे नव्हे. दिवास्वापाला आपण सरसकट निषिद्ध म्हणतो, पण क्रोध, शोक व भय यांनी क्लान्त झालेल्यांना आणि जागरणाने थकलेल्यांना चरकांनी तो सर्व ऋतूंत अनुज्ञात केला आहे. हे परिचारिकेला नव्हे, तिच्या सासूबाईंना समजावून सांगावे लागते. मी एक-दोनदा तसे लिहून दिले आहे. औषधी चिठ्ठीवर ‘सकाळी सात ते अकरा निद्रा’ असे लिहिलेले असले की घरात त्याला मान मिळतो.

झोपण्यापूर्वी पादाभ्यंग, शिरोभ्यंग, स्निग्ध-उष्ण आहार, पाळीवर जाताना पाण्याची बाटली बरोबर नेणे या गोष्टी वैद्यबंधूंना सांगावयास नकोत. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी. परंतु निद्रा व कथा यांच्या अभावी केवळ चूर्णांवर भिस्त ठेवणे म्हणजे मी वर्षभर जे केले तेच पुन्हा करणे होय. शोकज अतिसाराच्या चिकित्सेतही वातहर क्रियेबरोबर हर्षण आणि आश्वासन सांगितले आहे, हे विसरू नये.

प्रिय कथेविषयी थोडे अधिक. पंधराव्या अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगताना गीत, वाद्य, आख्यायिका, इतिहास जाणणारी माणसेही जवळ असावीत असे चरकांनी म्हटले आहे. ती रुग्णासाठी. परिचारकासाठी तशी तरतूद करणे आजच्या रुग्णालयाला अवघड नाही. पाळी बदलताना ‘ओव्हर’ दिला जातो. त्यात सलाइन किती, लघवी किती, कोणते इंजेक्शन राहिले हे सर्व येते. त्याच वेळी आज कोण गेले, आणि त्याच्याजवळ कोण होते, एवढे विचारावयास पाच मिनिटे लागतात. जिच्या हातून मृत्यू झालेल्याची आवराआवर झाली तिला लगेच दुसरी खाट न देता अर्धा तास मोकळा द्यावा. एक छोटी खोली असावी, जिला आतून कडी असेल. हे इन्चार्ज सिस्टरने मनावर घेतले तर होते, पण परिचारिकांच्या रिक्त जागा न भरता केवळ खोली दिली तर तिच्यात जावयास कोणाला सवडच मिळणार नाही. सुश्रुतांचे ‘अश्रांत’ हे विशेषण आपण आजवर परिचारकाकडून अपेक्षित सद्गुण म्हणून वाचत आलो. ज्याने त्याला नेमले त्याच्यावरील अट म्हणून ते वाचावे, असे मला वाटते: थकलेल्याला रुग्णापाशी पाठवू नये.

आणि जेथे आपले क्षेत्र संपते तेथे थांबावे. आठवड्यांमागून आठवडे निद्रा नाही, जगण्याची इच्छा नाही, औषधांच्या कपाटाकडे मन ओढ घेते, असे काही कानावर आले तर सत्त्वावजयाच्या भरवशावर न राहता मानसरोगतज्ज्ञांकडे तत्काळ पाठवावे. परिचारिकेच्या हाताशी घातक औषधे असतात, ही गोष्ट वैद्याने विसरू नये. ऑक्टोबर 2022 पासून शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. ती मराठीतही बोलते.

माझ्या केसपेपरवर आता प्रत्येक परिचारिकेसाठी दोन ओळी जास्तीच्या असतात: कक्ष कोणता, आणि या महिन्यात कोण गेले. दुसरी ओळ लिहितानाच पुष्कळदा चिकित्सेला प्रारंभ होतो.

उपरोक्त भगिनीचा पीनस तीन महिन्यांत गेला, अन्नावर वासना आली, भ्रम थांबला. मन्यास्तंभ पूर्ण गेला नाही. थंडीत अजून त्रास देतो. मध्यंतरी तिने नेत्र विभागात बदली करून घेतली होती आणि मीही तिला तेच सुचविले होते. वर्षभरानंतर ती अर्ज करून पुन्हा जुन्या कक्षात गेली. मी कारण विचारले.

“तिथले काम मला येते, सर,” ती म्हणाली.